थांबामामाचा हात

माझ्या आईचा हा सख्खा भाऊ, सिटी बसवर ड्रायव्हर. त्याचं खरं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण बिल्ला कोण वाचतंय? अख्खा रस्ता त्याला थांबामामा म्हणायचा, कारण तो थांबायचा. शाळेची पोरं दिसली, थांब. म्हातारी पिशवी सावरत उभी, थांब. मांजर आडवं आलं तरी थांब, आणि रस्त्याच्या मधोमध मांजराने विचार बदलला तर त्याचं नक्की ठरेपर्यंत थांब. मागचे लोक हॉर्न मारून मारून मेटाकुटीला यायचे. मामा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "अहो, दम धरा. तुमच्याच घरचं कोणी असेल ते."

"कोण, मांजर?"

"असेल की. तोंडावळा सारखा दिसतोय."

थांबला की मामा हात करायचा. स्टिअरिंगवरचा पंजा उचलायचा, बोटं जुळवायची आणि काचेमागे आडवा फिरवायचा, ओट्यावरचं पाणी पुसून काढावं तसा. जा. त्या हातात काय होतं कोण जाणे, पण तो फिरला की लोक दुसरीकडे न बघता खाली मान घालून रस्ता ओलांडायचे. वळणावरची काजवाली तर मामाच्या बसची वाट बघत फुटपाथवर उभी राहायची. सगळ्या शिंप्यांच्या शर्टांना काजं करून देणारी ही बाई, एवढंसं दुकान, पायाने चालवायचं मशीन. कपड्यांचं गाठोडं पोचवायला दिवसातून कितीदा तरी समोर जावं लागे, आणि एकटीने रस्ता ओलांडायची तिला भीती. मामाचा हात फिरला की मात्र ही ऐटीत निघायची. "भाऊ असले म्हणजे रस्ता आपल्या बापाचा," असं म्हणायची.

इतक्या वर्षांत मामाच्या गाडीचा कोणाला धक्का लागला नव्हता. त्याचा त्याला माज नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. जेवताना विषय नसला तरी काढायचा.

मग ती गाडी आली. स्टेशनपासून सरकारी दवाखान्यापर्यंत जाणारी, छोटी, पांढरी, पुढून-मागून सारखीच. साबणाची नवी वडी चाकांवर ठेवावी तशी. छपरावर एक गरगरतं डोकं आणि चारी अंगांना डोळे. ती आपली आपण चालायची, वळायची, थांबायची. पण लोकांच्या अंगावर एकदम सोडायची कशी? म्हणून नियम असा की एक माणूस पुढच्या खुर्चीत बसलेला पाहिजे, वेळ आलीच तर ब्रेक मारायला. डेपोने त्यासाठी अपघाताचा डाग नसलेली माणसं निवडली. मामाचं नाव पहिलं आलं आणि मामा आठवडाभर हवेत होता.

शिकवायला कंपनीची इंजिनिअर बाई आली, मामाच्या थोरल्या लेकीच्या वयाची. तिने त्याला खुर्चीत बसवलं. "काका, हात मांडीवर. पाय ब्रेकच्या वर, टेकवायचा नाही. डोळे रस्त्यावर. समोरचा हा कॅमेरा फक्त तुमचे डोळे बघतो. मिटले की पिपाणी वाजेल."

"माझे नाही मिटत."

"छान. आणि बाहेरच्या कोणाला हात करायचा नाही. खूण नाही, मान हलवणं नाही, काही नाही."

मामाने तिच्याकडे बघितलं. "का गं बाई?"

"कारण गाडीला तुमचा हात दिसत नाही, काका. लोकांना दिसतो. तुम्ही 'जा' म्हणाल, आणि गाडीने भलतंच काही ठरवलेलं असेल."

मामा घरी येऊन हे सांगत इतका हसला की मामीच्या हातातली ताटली पडायची वेळ आली. "माणसाला हात करायचा नाही म्हणे! मग माणूस बसवलाय कशाला, मुंग्या मारायला?"

हसला खरा, पण पोरीने सगळं सोप्या शब्दांत समजावलं होतं आणि मामाला ते कळलं होतं. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी त्याला भोळा म्हणायला नको.

पहिले काही दिवस कौतुकात गेले. मग खुर्ची टोचायला लागली. उभी हयात ज्या हातांनी गिअर ओढले, ते हात मांडीवर ठेवून बसायचं, फोटो काढायला बसल्यासारखं. समोर चाक आपोआप फिरतंय, तुमचं काम ते बघायचं. डेपोच्या चहाच्या टपरीवर जुनी मंडळी टपलेलीच असत. त्यात मामाचा जुना कंडक्टर सगळ्यांत पुढे. त्याला सगळे घंटी म्हणत. जन्मभर घंटी मारत आला आणि तोंडही तसंच वाजायचं.

"या मामा, या! दमून आलात. आज पार दवाखान्यापर्यंत बसलात म्हणे?"

"अरे, त्यांना हळू बोला. बसून बसून पाय दुखत असतील."

"कपड्याच्या दुकानातला पुतळा बरा," घंटी म्हणाला, "त्याच्या अंगावर रोज नवा शर्ट तरी असतो."

मामाही हसायचा. चहा मात्र अर्धा टाकून उठायला लागला.

मग एकदा गाडीत एका लहान पोरीने आईला विचारलं, "आई, हे काका काय करतात?" आईने खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं, "बसतात." बाईच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण मामाला ते जे लागलं, ते घंटीच्या सगळ्या बोलण्यानेही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामाने हात उचलून चाकावर ठेवले.

धरले नाहीत. जोराने धरलं तर गाडी आपला कारभार सोडून ड्रायव्हरच्या हाती यायची, हे त्याला माहीत होतं. त्याने नुसते तळवे टेकवले. चाक डावीकडे फिरलं की हात डावीकडे, उजवीकडे फिरलं की उजवीकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय सफाईने चालवतोय! ओळखीचं कोणी दिसलं की मामा भुवया आवळायचा, आरशात बघायचा, अवघड वळणावर खालचा ओठ चावायचा. सगळं नाटक. कॅमेरा डोळेच बघायचा आणि डोळे तर टक्क उघडे.

मामी शेजारणींना सांगायला लागली, "मशीन नुसतं नावाला गं. चालवतात आमचेच." मामा आतल्या खोलीत ऐकत असायचा. 'तसं काही नाही,' असं तो बाहेर येऊन कधी म्हणाला नाही.

आणि मग हातही परत आला. झेब्रा पट्ट्यांपाशी गाडी आपली आपण थांबायची, आणि मामा वरून हात फिरवायचा, जा. दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहुण्यांना चहाचा आग्रह करावा, तसला प्रकार. पण लोक हसून मान डोलवायचे आणि ओलांडायचे. गाडी थांबलेलीच असायची, तेव्हा बिघडलं काही नाही. मामाला वाटलं, कधीच बिघडायचं नाही.

काजवालीने त्या गाडीला पहिल्या दिवसापासून शिव्या घातल्या होत्या. "त्या भुताच्या डब्यासमोरून मी मेले तरी जायची नाही." पण काचेमागे मामा दिसला की जायची. वाकून आधी चेहरा बघून घ्यायची. दुसरा कोणी बसलेला असला की गाडी पुढे निघून जाईपर्यंत फुटपाथवरच.

ते घडलं त्या दुपारी गाडी वळणावर आली, तर पुढे एक हातगाडीवाला फळ्या लादून वळायला बघत होता. गाडी त्याच्यामागे थांबली. बाजूला फुटपाथवर काजवाली, कडेवर शर्टांचं गाठोडं. तिथे पट्टे नाहीत. गाडीने तिला बघितलं होतं, हे नंतर कंपनीने पडद्यावर सगळ्यांना दाखवलं. बाई उभी होती, तेव्हा ती उभीच राहणार असं गाडीने धरलं. तिने वाकून मामाचा चेहरा बघितला. मामाने पंजा उचलला, बोटं जुळवली, फिरवला. जा.

त्याच घटकेला हातगाडी बाजूला झाली आणि गाडी निघाली.

काजवालीने गाडीकडे बघितलंच नाही. हात बघितला होता, मग गाडीकडे कशाला बघायचं? खाली मान घालून ती उतरली. गाडीने असा ब्रेक लावला की आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर जाऊन पडली. तरी गाडीचा कोपरा तिला लागलाच. बाई गाठोड्यासकट आडवी झाली, पाय फुटपाथच्या कडेत अडकला आणि घोट्याच्या वर मोडला. रस्ताभर शर्ट पसरले.

मामाने पाय मारला होता. पण पाय पोचला तेव्हा पेडल आधीच खाली गेलेलं होतं. आपल्या पायाच्या आधी कोणीतरी ते दाबून बसलंय, हे त्याला तळव्याला कळलं. त्या क्षणी ही गोष्ट जगात त्याला एकट्यालाच कळली.

कारण दारं उघडायच्या आत गाडीतला एक जण ओरडला, "मामाने ब्रेक मारला म्हणून वाचली!" आणि तेच रस्ताभर झालं. "माणूस होता म्हणून बरं! नाहीतर या डब्याने चिरडली असती." कोणी मामाच्या पाठीवर थाप मारली, कोणी पाणी आणलं. संध्याकाळी टपरीवर घंटीच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकलो रे," म्हणाला, "पुतळा म्हणालो तुला. शेवटी आपला पायच कामाला आला."

मामाने चहा पूर्ण प्यायला. प्यायला, एवढंच मी सांगतो.

पोलिसांना त्याने सांगितलं, गाडी निघाली, ताई पुढे आल्या, ब्रेक लागला. कोणी लावला ते त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. कंपनीची इंजिनिअर मात्र डेपोत येऊन त्याच्यासमोर बसली.

"काका, ब्रेक गाडीने लावला. ते आमच्याकडे दिसतंय. त्याचं काही नाही. मला एकच कळत नाही, त्या उभ्या होत्या, मग अचानक पुढे का आल्या? गाडीकडे न बघता?"

मामा टेबलावरचा डाग खरवडत होता.

"तुम्हाला काही दिसलं का?"

"नाही," मामा म्हणाला.

ती "बरं" म्हणून उठली. मामा मला नंतर म्हणाला, "ती ओरडली असती तर मी खोटं निभावून नेलं असतं. 'बरं' म्हणाली ना, तिथे मेलो."

ब्रेक गाडीनेच लावला, असं कंपनीने जाहीर केलं. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. स्वतःची टिमकी वाजवणार नाहीत तर काय! घंटीने शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरवली. ही गाडी बंद करा, असा ठराव घ्यायचा आणि मामाने चार शब्द बोलायचे. मामी त्याचा शर्ट इस्त्रीला टाकून आली.

सभेच्या आधी मामा दवाखान्यात गेला. एकट्याला जायचा धीर होईना, म्हणून मला घेतलं. काजवालीचा पाय प्लॅस्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, जवळ गेला नाही.

"बसा की भाऊ," ती म्हणाली. "हल्ली तुम्हाला बसायची सवय आहे."

मामाला हसू आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि आवाज खाली आणला. "मी कोणाला काही बोलले नाही हं. पोलीस आले, ती कंपनीची पोरगी दोनदा आली. मी म्हटलं, माझंच लक्ष नव्हतं. तुमचं नाव कशाला घ्यायचं? नोकरीची शेवटची वर्षं तुमची. चुकतं माणसाचं."

"ताई..."

"त्या डब्यावर माझा भरवसा नव्हताच हो. तुमच्या हातावर होता. तुम्ही चालवत होता, तुम्हाला वाटलं निघून जाईल ही, अंदाज चुकला. होतं."

म्हणजे तिला अजूनही वाटत होतं की गाडी मामाच चालवत होता.

मामाचे कान लाल झाले. मी त्याला बायकोच्या शिव्या खाताना बघितलंय, साहेबाच्या खाताना बघितलंय, पण असा कधी बघितला नव्हता. रस्त्यात कोणीतरी अंगावरचे कपडे ओढून न्यावेत तसा तो उभा होता. हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. पाठीमागे नेले, पुढे आणले, शेवटी पलंगाची दांडी धरली.

"कुठला पाय तो?" त्याने विचारलं.

"मशीनचा." ती हसली. "डावा मोडला असता तर काजं चालू राहिली असती. पण आता कोणाला सांगायचं, डावा मोडा म्हणून!"

परत येताना नेहमीच्या पट्ट्यांपाशी आम्ही उभे राहिलो. एका मोटारवाल्याने थांबून आम्हाला हात केला, जा. मामा गेला नाही. मोटारवाला चिडून निघून गेला.

हॉल खच्चून भरला होता. घंटी तापलेला. "ज्याला हात नाही, पाय नाही, पोटी पोर नाही, त्याला रस्त्यावरच्या माणसाची काळजी कुठून असणार?" टाळ्या. इंजिनिअर पोरगी मागच्या बाकावर एकटीच, आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी. कोणी तिच्याशेजारी बसायला तयार नव्हतं. मामी पहिल्या रांगेत, पदर सारखा करून.

मामाला वर बोलावलं. टाळ्या थांबेनात. तो माइकसमोर उभा राहिला, इस्त्रीच्या शर्टात.

"ब्रेक मी मारला नाही," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, विनय आहे. आणखी टाळ्या पडल्या.

"अहो, थांबा की! मारला नाही मी. माझा पाय पोचायच्या आधी गाडीने लावला होता. आणि ताई पुढे आल्या, कारण मी त्यांना जा म्हणून हात केला. गाडी मी चालवत नव्हतो. कधीच नव्हतो चालवत. चाकाला नुसते हात लावून बसायचो, तुम्हाला दिसावं म्हणून. कशाला, तर बसून पगार खातो म्हणता याची लाज वाटायची."

टाळ्या बंद पडल्या.

"हात करू नका, म्हणून त्या पोरीने मला सांगितलं होतं," त्याने मागच्या बाकाकडे बोट केलं. "मला कळलं होतं. तरी केला. तिने नंतर विचारलं, तेव्हा खोटं बोललो."

"कंपनीने फोडला याला!" मागून कोणीतरी ओरडलं. लगेच दुसरा, "किती वेळ घेतला हो मामा विचार करायला?" खुर्च्या वाजल्या. वाचवणारा मामा लोकांना हवा होता, हा कोणालाच नको होता.

घंटी त्याच्या शेजारीच उभा होता. माइकपासून तोंड फिरवून त्याने हळूच विचारलं, "हात केलास?"

"केला."

"तोच? आपला नेहमीचा?"

"तोच."

घंटी खाली उतरला आणि पहिली मोकळी खुर्ची दिसली तिच्यात बसला. पुढे कोणी काय बोललं ते त्याने ऐकलं असेल असं वाटत नाही.

"मग गाडीवर भरवसा ठेवायचा का नाही, ते सांगा!" एक म्हातारा चिडून म्हणाला. "आम्हाला रोज दवाखान्यात जायचं असतं."

"मला नाही माहीत, काका," मामा म्हणाला. "ती पण चुकली. बाई उभी आहे तर उभीच राहील, असं धरून चालली. माणूस असा असतो का? पण जो चालवत नाही, त्याच्या हातावर ठेवू नका. एवढंच मला माहीत आहे."

मामी उठली आणि निघून गेली. जाताना तिने कोणाकडे बघितलं नाही. घरी गेल्यावर तिने मामाला ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही. शेजारणींकडे जाणं तिने कितीतरी दिवस बंद केलं होतं. "तुम्ही खोटं केलंत ते केलंत," ती एकदा म्हणाली, "मला का गावभर सांगत फिरू दिलंत?"

हॉलच्या दाराशी इंजिनिअर थांबली होती. मला वाटलं, आता हिची पाळी. ती म्हणाली, "मी विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं, काका."

"तेव्हा लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

ती म्हणाली, "चूक आमचीही आहे. माणसाला ड्रायव्हरच्या जागी ड्रायव्हरसारखा बसवला, तर लोक त्याला ड्रायव्हरच समजणार." मामाला हा आधार वाटेल म्हणून ती बोलली असावी. मामाने तो घेतला नाही.

गाडी बंद झाली नाही. काही दिवस उभी राहिली, मग परत आली. आता देखरेखीचा माणूस मागे बसतो, बाहेरून न दिसेल असा, आणि पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की या गाडीत चालक नाही. मामाला डेपोने मुदतीआधीच घरी पाठवलं. निरोपाला कोणी आलं नाही. घंटी आला, पण फाटकाबाहेर उभा राहिला.

मामा आता काजवालीची गाठोडी वाहतो. तिने सांगितलं नव्हतं, तोच जाऊन उभा राहिला. तिचा पाय जुळला, पण मशीनवर पहिल्यासारखा चालत नाही. काजं कमी होतात आणि शिंपी कुरकुरतात. ती मामाला बोलून घेते. "हळू न्या, चुरगळतील. ती काय बस आहे?" मामा ऐकून घेतो.

परवा मी त्यांच्याबरोबर होतो. काजवालीला काठी टेकत समोर जायचं होतं, मामाच्या कवेत गाठोडं. नेमकी तीच गाडी आली आणि पट्ट्यांपाशी थांबली. काजवाली सवयीने वाकून काचेत बघायला लागली. काचेत कोणीच नव्हतं, पाटीची अक्षरं होती आणि आमचीच तोंडं दिसत होती. मग तिने मामाकडे बघितलं.

"जाऊ का, भाऊ?"

मामाने गाठोडं आणखी घट्ट धरलं. बोटं कापडात रुतली.

"मला नका विचारू, ताई."

"मग कोणाला विचारू? हिला?"

गाडी घुरघुरत उभी होती. मागे हॉर्न सुरू झाले. काजवालीने एक शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही. मग तिने गाडीकडे नीट बघितलं, चाकांकडे बघितलं, आणि आपलाच पंजा गाडीसमोर धरला. "थांब गं, बये." पंजा तसाच धरून, काठी टेकत, एकेक पाऊल टाकत ती निघाली. मध्ये पोचल्यावर मान वळवून म्हणाली, "या आता! का मीच येऊन नेऊ?"

मामा मागून निघाला, हनुवटी गाठोड्यात रुतवून. गाडीकडे त्याने एकदाही बघितलं नाही.